लहान मुलांसोबत पुरीम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यहुद्यांचा पुरीम हा मुलांचा सण, असं सगळेच म्हणतात. आणि प्रत्यक्षात बऱ्याचदा मुलं वेष करून नुसती बसून राहतात, मोठी माणसं सगळं उरकतात. खरं तर या सणाची चारही कर्तव्यं अशी आहेत की पाच वर्षांचं मूलही त्यांत हात घालू शकतं: मगिल्ला (बायबलमधल्या एस्तेरच्या पुस्तकाची गुंडाळी) ऐकणं, खाऊ पाठवणं, गरिबांना देणं आणि एकत्र जेवणं. पुढची उत्तरं तेवढ्याच हेतूने लिहिली आहेत.

पुरीम नेमका कधी येतो?

हिब्रू अदार महिन्याच्या 14 तारखेला. यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून पहिलं वाचन आदल्या संध्याकाळी असतं. 2026 मध्ये 2 मार्चची संध्याकाळ आणि 3 मार्च (मंगळवार), 2027 मध्ये 22 मार्चची संध्याकाळ आणि 23 मार्च (मंगळवार), 2028 मध्ये 11 मार्चची संध्याकाळ आणि 12 मार्च (रविवार). हिब्रू वर्षात अधिक महिना असेल तर दोन अदार येतात, आणि पुरीम दुसऱ्या अदारात होतो. 2027 हे तसं वर्ष आहे.

जेरुसलेममध्ये पुरीम एक दिवस उशिरा, 15 अदारला असतो. त्याला शूशन पुरीम म्हणतात. तिकडे मामा-मावशी राहत असतील तर व्हिडिओ कॉल ठरवताना हे लक्षात ठेवा, नाहीतर आपली मुलं सजून बसतात आणि तिकडची अजून शाळेत असतात.

घरातली वडीलधारी याला ‘होळीचा सण’ म्हणतात. तो हाच का?

हाच. कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुद्यांच्या, घरांत पुरीमचं जुनं नाव ‘होळीचा सण’ असंच आहे. अदार आणि फाल्गुन, दोन्ही महिने चांद्र आणि दोन्ही पंचांगांत अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ राखलेला; त्यामुळे 14 अदार आणि फाल्गुनी पौर्णिमा बहुतेक वर्षी एक-दोन दिवसांच्या अंतराने येतात. 2025 मध्ये तर 14 मार्चला धुळवड आणि पुरीम एकाच दिवशी होते. हे नाव मुलांना जरूर सांगा. आपल्या पणजीने हा सण कोणत्या शब्दात ओळखला, हे त्यांना कळायला हवं.

दोन्ही सण एकाच दिवशी आले तर मुलांचं काय करायचं?

आधी वाचन, मग रंग. सकाळचं वाचन आणि खाऊ पोचवणं रंग सुरू होण्याआधी आटपा. पुठ्ठ्याच्या खोक्यातला खाऊ घेऊन धुळवडीच्या दिवशी रस्त्यावर उतरू नका; एक फुगा पुरतो. त्या वर्षी झाकणाचे डबे वापरा. पुरीमचा वेष रंग खेळताना घालू देऊ नये, तो दुपारच्या जेवणाला लागणार आहे.

गोष्ट किती वयाला किती सांगायची?

तीन ते पाच वर्षांच्या मुलांना चार माणसं पुरेत: राजा अहश्वेरोश, राणी एस्तेर, तिचा पालनकर्ता चुलतभाऊ मर्दखय आणि दुष्ट प्रधान हामान. हामानला सगळ्या यहुद्यांचा नाश करायचा होता, एस्तेर घाबरली होती, तरी न बोलावता राजाकडे गेली आणि खरं बोलली, लोक वाचले. इथेच थांबा.

सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना चिठ्ठ्या टाकण्याचा भाग आवडतो. हामानने दिवस ठरवायला ‘पूर’ म्हणजे चिठ्ठ्या टाकल्या, त्यावरूनच ‘पुरीम’. सणाचं नाव शत्रूच्या चिठ्ठ्यांवरून पडलं, हे मुलांना फार नवलाचं वाटतं. पुस्तकाच्या पहिल्याच ओवीत मुलांच्या देशाचंही नाव आहे: राजाचं राज्य ‘होदू’पासून आफ्रिकेतल्या कूशापर्यंत, 127 प्रांतांवर. होदू म्हणजे हिंदुस्थान. नकाशा काढून दाखवा.

दहाच्या पुढच्या मुलांपासून नववा अध्याय लपवू नका. त्यात लढाई आहे, माणसं मरतात, आणि मुलं ते स्वतः वाचणारच आहेत. त्यांना कारण समजावा: राजाच्या मोहरेचा हुकूम रद्द होत नसे, म्हणून यहुद्यांच्या नाशाचा पहिला हुकूम मागे न घेता दुसरा काढला, ज्यात यहुद्यांना स्वतःच्या रक्षणासाठी एकत्र येण्याची मुभा दिली. ‘वाईट माणसं मेली, बरं झालं’ एवढ्यावर ही चर्चा सोडू नये. फाशीचा खांब पन्नास हात उंच होता वगैरे तपशील झोपण्याच्या वेळी नकोत.

मगिल्ला वाचनाला लहान मुलांना न्यावं का? किती वेळ लागतो?

न्यावं. दहा अध्यायांचं वाचन 30 ते 45 मिनिटं चालतं. हामानचं नाव बुडवायला मुलं गोंगाट करतात, तो जास्त असेल तर तासाभरापर्यंत जातं. पण ज्या मुलाला अर्धा तास अजिबात बसवत नाही, त्याला सक्तीने बसवण्याऐवजी संध्याकाळी एका पालकाने थांबावं आणि दुसऱ्याने सकाळच्या वाचनाला जावं, किंवा आलटून पालटून बाहेर न्यावं. मात्र ज्या मोठ्या माणसाला कर्तव्य पूर्ण करायचं आहे त्याने प्रत्येक शब्द ऐकला पाहिजे. एखादा शब्द गोंगाटात बुडाला तर हातातल्या पुस्तकातून तो लगेच स्वतः म्हणून घ्यावा आणि पुन्हा वाचणाऱ्याला गाठावं.

मुलांना आधी सांगून ठेवण्यासारख्या जागा: मगिल्ला उलगडून पत्रासारखी घड्या घालून ठेवतात, कारण ते एस्तेर-मर्दखयने धाडलेलं पत्रच आहे. चार ओव्या आधी सगळे लोक मोठ्याने म्हणतात, मग वाचणारा म्हणतो. त्यातली आठव्या अध्यायातली ‘यहुद्यांना प्रकाश, आनंद, हर्ष आणि सन्मान लाभला’ ही ओवी मुलं सहज पाठ करतात. हामानच्या दहा मुलांची नावं वाचणारा एका श्वासात घेतो. ‘आता बघ हं, एका दमात’ असं कानात सांगितलं की पेंगणारं मूल जागं होतं.

आवाज कधी करायचा?

हामानचं नाव आलं की. हिब्रू मगिल्लेत ते 54 वेळा येतं. पण पहिल्या दोन अध्यायांत एकदाही नाही. पहिला उल्लेख तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला. बहुतेक गडबड इथेच होते: मुलांच्या हातात दारातच खुळखुळा दिला जातो, ती पहिल्या मिनिटापासून वाजवतात आणि हामान येईपर्यंत कंटाळतात. खुळखुळे तिसरा अध्याय सुरू होताना वाटा. शेवटच्या, दहाव्या अध्यायातही नाव नाही, तेव्हा नववा संपला की परत गोळा करायला हरकत नाही.

थांबायची खूण ठरवा. एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला हिरवा कागद लावलेलं पुठ्ठ्याचं वर्तुळ, काठीला चिकटवून. ते एका मोठ्या मुलाच्या हाती द्या, त्याने वाचणाऱ्याशेजारी उभं राहावं. आवाज आठ-दहा सेकंदांपेक्षा लांबला तर वाचन रखडतं आणि म्हातारी माणसं थकतात.

खुळखुळा घरी कसा करायचा?

200 मिलीची रिकामी प्लास्टिकची बाटली, आतून पूर्ण वाळवलेली. आत दोन मोठे चमचे चिंचोके किंवा सुके वाटाणे. बाटली एक तृतीयांशाच्या वर भरू नका. दाण्यांना आपटायला जागा उरली नाही की आवाज बसतो. झाकणाला आतून गोंद लावून घट्ट फिरवा, गोंद रात्रभर वाळू द्या, मग बाहेरून चिकटपट्टीचे तीन वेढे. हा वेढ्यांचा भाग टाळू नका. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात झाकण निघालं तर चिंचोका नाकात किंवा घशात जातो. पत्र्याच्या डब्याचा आवाज खणखणीत येतो, पण कापलेली कड बोट चिरते. डबा वापरायचाच तर झाकणवाला, न कापलेला घ्या.

लाकडी फिरत्या खुळखुळ्याला हिब्रूत ‘रअशन’ म्हणतात. लहान सभागृहात तो एकच पुरे. टिकल्यांची पिस्तुलं आणि फटाके आणू नका. बंद जागेत कानांना इजा होते, आणि मुलं दचकली की उरलेलं वाचन हातचं जातं.

आमचं मूल मोठ्या आवाजाला घाबरतं. काय करावं?

खडूने त्याच्या चपलेच्या तळव्यावर ‘हामान’ लिहा आणि नाव आलं की पाय आपटायला सांगा. ही पळवाट नाही, जुनी चाल आहे, आणि वाचन संपेपर्यंत नाव खरोखर पुसलं जातं. तळवा उलटून बघताना मुलाचा चेहरा बघावा. बसायला दाराजवळची जागा घ्या, कानाला जाड रुमाल बांधा, आणि पहिला गोंगाट होण्याआधी ‘आता आवाज होणार’ असं सांगा. तान्ह्या बाळांना सकाळच्या वाचनाला नेणं बरं, तेव्हा गर्दी कमी असते.

जवळ सिनेगॉग (यहुदी प्रार्थनास्थळ) नसेल तर?

कर्तव्य म्हणून वाचन चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या मगिल्लेतूनच व्हावं लागतं. फोनवर किंवा थेट प्रक्षेपणावर ऐकून ते पूर्ण होत नाही, असं बहुतेक रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, सांगतात. मगिल्ला मिळणं शक्यच नसेल तर घरी छापील पुस्तकातून, आशीर्वादाच्या ओव्या न म्हणता वाचा. मराठी बायबलमध्ये एस्तेरचं पुस्तक आहेच. मुलांना पात्रं वाटून द्या. संवादांमुळे चौथा ते सातवा अध्याय छान वाचता येतो.

एस्तेरचा उपास मुलांनी करायचा का?

नाही. सहसा पुरीमच्या आदल्या दिवशी पहाटेपासून रात्र पडेपर्यंत मोठी माणसं उपास धरतात. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना हवं असेल तर त्यांनी त्या दिवशी गोडधोड सोडावं. संध्याकाळचं वाचन मग उपाशीपोटी असतं, म्हणून मुलांना निघण्यापूर्वी पोटभर खायला घाला.

वेष का करतात, आणि कसा करावा?

पुस्तकात वेषाची आज्ञा नाही. ही चाल मध्ययुगाच्या अखेरीस इटलीतल्या यहुद्यांत दिसू लागली आणि पसरली. अर्थ मात्र गोष्टीशी जुळणारा आहे: एस्तेरने आपली ओळख लपवली, आणि अख्ख्या पुस्तकात देवाचं नाव एकदाही उघड येत नाही.

विकतचे चकचकीत पोशाख मार्चच्या उकाड्यात अर्ध्या तासात अंगातून काढले जातात. घरातलं सुती कापड घ्या. एस्तेरसाठी आजीची ओढणी आणि सोनेरी पुठ्ठ्याचा मुकुट. मर्दखयसाठी झब्बा आणि कापसाची दाढी. कापूस गालाला गोंदाने चिकटवू नका, कातडी लाल होते. तो कापडी पट्टीवर शिवा आणि पट्टीला कानात अडकवायचे इलॅस्टिक लावा. लांब वेष घोट्याच्या चार बोटं वर ठेवा, नाहीतर जिन्यात पाय अडकतो. तीन वर्षांखालच्या मुलांना मुखवटा नको. आणि कुठलाही वेष एका मिनिटात उतरवता आला पाहिजे, बाथरूमची वेळ सांगून येत नाही.

हामान व्हायला कुणी तयार नसतं. झालाच कुणी तयार, तर त्याला वाचनाच्या वेळी एकट्याला पुढे बसवू नका. सगळी पोरं त्याच्याच कानाशी खुळखुळे वाजवतात.

मिश्लोआख मानोत म्हणजे काय? डब्यात काय भरावं?

म्हणजे खाऊ पाठवणं. नियम थोडकेच आहेत: किमान एका माणसाला, किमान दोन वेगवेगळे, लगेच खाता येतील असे पदार्थ, पुरीमच्या दिवसा. कोरडे तांदूळ किंवा कच्ची भाजी चालत नाही. रात्री दिलेलं धरत नाहीत. ‘मिश्लोआख’ या शब्दातच पाठवणं आहे, म्हणून कुणाच्या तरी हाती धाडणं चांगलं मानतात. मुलाचं खरं काम इथे आहे: तोच निरोप्या.

एका डब्याचा चांगला हिशोब: तीन ‘हामानचे कान’ (सारण भरलेली त्रिकोणी बिस्किटं, कृती पुढे आहे), एक संत्रं, मूठभर काजू, आणि 200 मिलीच्या बाटलीत मनुकांचं सरबत. चॉकलेट मार्चमध्ये वितळून बाकीच्या पदार्थांना फासतं, ते टाळा. डब्यावर मुलाच्या अक्षरात लिहा: दूध आहे की नाही, अंडं आहे की नाही, सुकामेवा आहे की नाही. यहुदी आहारनियमांत मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून घेणाऱ्या घरी दुपारी मटण शिजलं असेल तर दुधाचा पदार्थ त्यांना जेवणानंतर लगेच खाता येत नाही. लिहिलेलं असलं की त्यांची अडचण टळते. चार-पाच वर्षांखालचं मूल असलेल्या घरी अख्खे काजू-बदाम न देता भरड द्या.

वीस डबे करण्यापेक्षा पाच करा, आणि त्यातला एक अशा घरी जाऊ द्या जिथे वृद्ध माणूस एकटा राहतो. मुलाला दारात ‘खाग पुरीम समेआख’ (पुरीमच्या शुभेच्छा) म्हणायला शिकवा, आणि पाच मिनिटं बसायला.

गरिबांना द्यायचं ते मुलांनी कसं द्यायचं?

मत्तानोत लाएव्योनीम: किमान दोन गरजूंना, प्रत्येकी एक देणगी, पुरीमच्याच दिवशी. रक्कम निदान एका साध्या जेवणाची असावी. रांबाम, म्हणजे मध्ययुगातला यहुदी धर्मपंडित मैमोनिदीस, स्पष्ट लिहितो की मेजवानी आणि खाऊचे डबे वाढवण्यापेक्षा गरिबांना देणं वाढवावं. घरात मात्र उलटं होतं: डब्यांच्या रिबिनी आठवडाभर चालतात आणि पाकीट शेवटच्या घटकेला आठवतं.

महिनाभर आधी मुलाला एक डबा द्या, त्यात त्याचे स्वतःचे पैसे पडू द्या. पुरीमच्या सकाळी ते दोन पाकिटांत मोजून भरायचे; कमी पडलं तर पालकांनी भर घालावी. पाकिटं सिनेगॉगच्या खजिनदाराकडे आधी दिली तरी चालतात, मात्र ती त्याच दिवशी वाटली जातील हे विचारून घ्या. त्या दिवशी जो हात पुढे करील त्याला द्यावं, चौकशी करू नये, असा जुना दंडक आहे. देताना फोटो काढू नका. घेणाऱ्याला मान खाली घालावी लागली तर मुलाने काय शिकायचं?

‘हामानचे कान’ कसे करतात?

हिब्रू नाव ‘ओझ्ने हामान’, आकार त्रिकोणी, आत सारण. जेवणात मांस असणार म्हणून ही कृती तुपा-लोण्याविना आहे.

मैदा 300 ग्रॅम, पिठीसाखर 100 ग्रॅम, बिनवासाचं तेल 100 मिली, एक अंडं, संत्र्याचा रस दोन मोठे चमचे, किसलेली साल, बेकिंग पावडर एक सपाट चहाचा चमचा, चिमूटभर मीठ. अंडं आधी वाटीत फोडून रक्ताचा ठिपका नाही ना ते बघा. हे काम मुलांना आवडतं. ओलं साहित्य घुसळा, मैदा घाला, गोळा होईपर्यंतच मिसळा. कणकेसारखं तिंबू नका, कान चिवट होतात. झाकून एक तास फ्रिजमध्ये.

सारण: 200 ग्रॅम बिया काढलेला खजूर, 80 मिली पाणी, मंद आचेवर सात-आठ मिनिटं घोटून, शेवटी एक चमचा लिंबाचा रस. चमचा उलटा केला तर पडू नये इतकं घट्ट. करंजीचं ओलं नारळाचं सारणही चालतं, फक्त कोरडं होईपर्यंत परता.

पोळपाटावर 3 मिलीमीटर जाड लाटा, साडेसात सेंटिमीटर तोंडाच्या वाटीने गोल पाडा. मध्ये एक सपाट चमचा सारण. डावी कड आत, उजवी कड आत, मग खालची कड वर आणून तिचं एक टोक डाव्या घडीखाली सरकवा. तिन्ही कोपरे चिमटा, मधे सारण दिसू द्या. ताट 20 मिनिटं पुन्हा फ्रिजमध्ये, मग 180 अंशांवर 12 ते 15 मिनिटं, कडा सोनेरी होईतो. तीसेक होतात.

भाजताना त्रिकोण उघडून सपाट का होतात?

सर्वांत नेहमीचं कारण, ताट थंड न करता भट्टीत गेलं. दुसरं, मुलांनी प्रेमाने भरलेलं जास्तीचं सारण. त्यांच्या हातात मोठा चमचा देऊच नका. पातळ जॅम उकळून बाहेर येतो आणि कडा ढकलतो. बेकिंग पावडर जास्त पडली तरी कड फुगून सुटते. कडांना लाटताना कोरडं पीठ लागलं असेल तर त्या चिकटत नाहीत. बोटाने पाणी फिरवा.

ओव्हन नसेल तर?

करंजीचं पीठ भिजवा (त्यातलं मोहन तेलाचं), त्रिकोण वरून पूर्ण बंद करा आणि मंद आचेवर तळा. उघड्या तोंडाचा त्रिकोण तळू नका, सारण तेलात सुटून जळतं. तळण्यात कमीपणा नाही: इटलीतले यहुदी ‘हामानचे कान’ म्हणून पिठाच्या पट्ट्याच तळतात.

पुरीमला मलिदा करायचा का?

मलिदा (गोड पोह्यांचा नैवेद्य) एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावाने, नवस फेडताना आणि शुभकार्यात करतात. तो पुरीमचा पदार्थ नव्हे. पुरणपोळी करायची इच्छा असेल तर खुशाल करा, फक्त मांसाच्या जेवणात तिच्यावर तूप-दूध नको, नारळाचं दूध घ्या.

जेवण कधी, आणि मुलांना प्यायला काय?

मेजवानी दिवसा सुरू व्हायला हवी, साधारण दुपारी. पुरीम शुक्रवारी आला तर शब्बाथची (शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या विश्रामदिवसाची) भूक राहावी म्हणून सकाळीच उरकतात. जेवणानंतरच्या प्रार्थनेत ‘अल हनिस्सीम’ हा चमत्कारांबद्दल आभार मानणारा परिच्छेद घालतात. मुलांना ते आधी गाऊन शिकवा.

मोठ्यांच्या टेबलावर वाइन असते; मुलांना मनुकांचं सरबत, जे बेने इस्राएल घरांत शुक्रवारच्या किद्दूशसाठीही (पेल्यावर म्हणायच्या शब्बाथच्या आशीर्वादासाठी) करतात. 250 ग्रॅम काळ्या मनुका धुऊन एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी मुलांना धुतलेल्या हातांनी कुस्करू द्या, मलमलीतून घट्ट पिळा. फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवसांत संपवा. बाहेर राहिलं तर मार्चमध्ये संध्याकाळपर्यंत आंबायला लागतं.

दुसऱ्या दिवशी उरलेल्याचं काय?

पुरीमनंतर महिन्याभराने पेसाख (वल्हांडण सण) येतो, तेव्हा घरात मैद्याचा कणही चालत नाही. म्हणून पुरीमला मैद्याची मोठी पिशवी आणू नका. कान बंद डब्यात आठवडाभर टिकतात. ते कुठे खायचे याची एकच जागा ठरवा, नाहीतर चुरा गाद्यांखाली आणि दप्तरांत सापडतो. वेषांचे खिसे उलटे करून धुवा. चिंचोक्यांचा खुळखुळा पुढच्या वर्षीपर्यंत ठेवायला हरकत नाही. आत शेवया किंवा पास्ता भरला असेल तर तो पेसाखच्या साफसफाईत टाकून द्या.